एकच भाव, पण ग्राहकाच्या पैशात

परदेशातल्या मराठी माणसाला पुस्तकं, दिवाळी अंक, फराळ आणि कंदील विकणारे माझे सगळे व्यवसायबंधू-भगिनी, आणि आपली ऑनलाइन दुकानं बांधून देणारी तंत्रज्ञ मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात मराठी पुस्तकांचं एक छोटं ऑनलाइन दुकान चालवते. पुस्तकं बारा महिने असतात. श्रावण सरला की दिवाळी अंक येतात, आणि त्यांच्या मागोमाग दोन बचत गटांकडून घेतलेला फराळ, उटणं आणि कंदील. निम्म्याहून जास्त पार्सलं देशाबाहेर जातात. अकरा वर्षं मी स्वतः खोकी बांधली आहेत, पत्ते लिहिले आहेत, ग्राहकांचे फोन घेतले आहेत. या अकरा वर्षांत पॅकिंग सुधारलं, कुरियरचे दर कळायला लागले, चकली न मोडता टोरांटोला पोचवायची कशी हेही जमलं. एका गोष्टीकडे मात्र आपण सगळ्यांनीच दुर्लक्ष केलं आहे, आणि ती म्हणजे किमतीचा आकडा. त्याविषयी मला आज आपल्याशी मनापासून बोलायचं आहे.

मागच्या दिवाळीच्या आधी मस्कतहून एका बाईंचा व्हॉट्सॲप आला. "ताई, सगळं बास्केटमध्ये टाकलंय. पण शेवटी किती रियाल जाणार तेच कळेना. ह्यांना विचारून उद्या सांगते." दोन दिवाळी अंक, अर्धा किलो अनारसे, उटण्याची पाकिटं आणि एक कंदील, असा २,३१० रुपयांचा माल होता. त्यांचा उद्या काही आला नाही. आठ दिवसांनी मीच विचारलं, तर म्हणाल्या, "राहूनच गेलं बघा. इथल्या दुकानातून आणलं थोडं."

त्यांची काही चूक नव्हती. अठरा वर्षं त्या मस्कतमध्ये राहतात. घरभाडं, मुलांची फी, भाजी, पेट्रोल, सगळं त्यांच्या डोक्यात रियाल आणि बैसांत बसलेलं आहे. २,३१० रुपये ही रक्कम त्यांना आता पटकन कळत नाही, जशी तुम्हाआम्हाला १० रियाल ही रक्कम कळत नाही. माझ्या पानावर मोठ्या अक्षरात रुपये होते आणि खाली बारीक अक्षरात 'अंदाजे इतके रियाल' असं लिहिलेलं होतं. त्या 'अंदाजे'नेच ते गिऱ्हाईक गेलं. घराचा हिशेब बघणाऱ्या बाईला अंदाज नको असतो, तिला आकडा हवा असतो.

आपल्याकडे जुन्या दुकानांत 'एकच भाव' अशी पाटी असायची. गिऱ्हाइकाला कळायचं की इथे सांगितलेली किंमत आणि गल्ल्यावर द्यायची किंमत यांत फरक नाही. माझी मागणी त्या पाटीएवढीच आहे. परदेशातल्या ग्राहकाला किंमत त्याच्या चलनात दाखवा, आणि जो आकडा दाखवला तोच त्याच्या बँकेच्या खात्यातून जाऊ द्या. वस्तूच्या पानावर, बास्केटमध्ये, पैसे भरायच्या खिडकीत, पावतीवर आणि त्याच्या बँकेच्या विवरणात, पाचही ठिकाणी एकच आकडा.

यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा फार महत्त्वाचा आहे आणि तिथेच आपली बहुतेकांची गाडी अडते. दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये चलन बदलून दाखवणारी जोडणी बसवणं हे अर्ध्या तासाचं काम असतं. रोजचा विनिमय दर कुठून तरी येतो, रुपयांच्या आकड्याला भागतो आणि युरो दिसायला लागतात. आपल्याला वाटतं, झालं काम. प्रत्यक्षात झालेला असतो फक्त देखावा. पैसे भरताना व्यवहार रुपयांतच होतो. मग ग्राहकाची बँक तिच्या स्वतःच्या दराने रुपयांचे युरो करते, वर स्वतःची फी लावते, आणि आकडा बदलतो.

माझी धाकटी बहीण स्टुटगार्टला असते. तिने आपल्याच गावातल्या एका दुकानाच्या संकेतस्थळावरून पुस्तकं मागवली. दुकानाचं नाव इथे घेत नाही, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या दुकानातही अगदी हेच होत होतं. पानावर २३ युरो ९० सेंट दिसत होते. बँकेने कापले २४ युरो ४७ सेंट. रविवारच्या फोनवर ती म्हणाली, "ताई, सत्तावन्न सेंटांचं काही नाही गं. पण मला सांग, हे घेतले कुणी? दुकानाने की बँकेने?" मला नीट उत्तर देता आलं नाही. घेतले होते तिच्या बँकेने, परकीय चलनातल्या व्यवहाराची फी म्हणून. तिला मात्र दिसलं ते इतकंच, की मराठी दुकानाने एक दाखवलं आणि दुसरं घेतलं. सत्तावन्न सेंटांचा संशय आपल्या सगळ्यांच्या दुकानांवर बसतो, तिथल्या बँकेवर बसत नाही.

हा त्रास आपल्याला नवा नाही, आपण फक्त त्याच्या दुसऱ्या टोकाला उभे असतो. लेबलं छापायची एक संगणकप्रणाली मी परदेशातून घेते. किंमत २० डॉलर. डॉलर ८५ रुपये असताना माझ्या हिशेबाने १,७०० रुपये जायला हवे होते. बँकेने साडेतीन टक्के मार्कअप लावला, ५९ रुपये ५० पैसे. त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, १० रुपये ७१ पैसे. म्हणजे १,७७० रुपये २१ पैसे गेले, आणि यातलं काहीही मला खरेदीच्या पानावर दिसलं नव्हतं. त्या दिवशी मला जो राग आला, तोच राग आपण दर दिवाळीला आपल्या माणसांना देत असतो.

आता 'डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन' नावाच्या प्रकाराबद्दल. पैसे भरायच्या शेवटच्या पायरीवर ग्राहकाला विचारलं जातं, की रुपयांत भरता की तुमच्या चलनात? तुमच्या चलनात म्हटलं की समोर आलेल्या दरात मध्यस्थाचा नफा मिसळलेला असतो, आणि काही वेळा त्यातला वाटा दुकानदारालाही मिळतो. हे आणि मी सांगते आहे ते एकच, असं कृपा करून समजू नका. तिथे ग्राहक शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत खरी किंमत त्याच्यापुढे येतच नाही. युरोपीय संघाने २०१९ साली नियम करून, २०२० च्या एप्रिलपासून, कार्डाच्या अशा व्यवहारात युरोपियन सेंट्रल बँकेच्या दरावर किती टक्के जादा घेतले जात आहेत ते व्यवहाराआधी ग्राहकाला सांगणं बंधनकारक केलं. तिथे राहणारी आपली मुलं आता ते टक्के वाचायला शिकली आहेत. त्यांना फसवता येणार नाही. मुळात त्यांना फसवायचं कशाला?

मी म्हणते ती पद्धत वेगळी आहे. किंमत आपण ठरवायची, त्या त्या चलनात, आणि व्यवहारही त्याच चलनात करायचा. ग्राहकाच्या कार्डावर युरो लागतात, त्याच्या बँकेला काही बदलावं लागत नाही. आपल्या खात्यात रुपये येतात. मधला बदल पेमेंट गेटवे, म्हणजे ग्राहकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन आपल्याला पोचवणारी कंपनी, करते आणि त्याची फी आपण भरतो. ती फी आधीच किमतीत धरलेली असते. त्यासाठी परदेशात बँक खातं लागतं असा समज अजून आहे. तो चुकीचा आहे. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी सीमापार व्यवहार हाताळणाऱ्या पेमेंट ॲग्रिगेटरांसाठी, म्हणजे अशाच कंपन्यांसाठी, नियम काढले. या मार्गाला २५ लाख रुपयांची मर्यादा आहे, आणि आपला माल त्या मर्यादेच्या कितीतरी आत बसतो. आपल्या गेटवेवाल्याला एवढंच विचारा, "ग्राहकाच्या चलनात चार्ज करून मला रुपयांत पैसे देता का, आणि कुठल्या चलनांत देता?" तो नाही म्हणाला, तर हो म्हणणारे दुसरे आहेत.

तंत्रज्ञ मंडळींनो, आता थोडं तुमच्याशी. माझ्या दुकानात पहिल्यांदा येन सुरू केले तेव्हाची गोष्ट. टोकियोतल्या एका मराठी मुलाने ४,२०० येनची पुस्तकं बास्केटमध्ये टाकली. पैसे भरायच्या खिडकीत आकडा आला ४,२०,०००. त्याने हात आवरला आणि मला खिडकीचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ: "काकू, हे बरोबर आहे का?" ती ओळ वाचून माझ्या हाताला घाम फुटला होता. गेटवेकडे रक्कम चलनाच्या सगळ्यात लहान नाण्यात पाठवायची असते. रुपयाचे शंभर पैसे, डॉलरचे शंभर सेंट, म्हणून आमच्या प्रोग्रामरने सगळ्यांनाच शंभराने गुणलं होतं. येनला लहान नाणंच नाही. उलट ओमानी रियालचे, बहारीनच्या आणि कुवेतच्या दिनारचे हजार भाग होतात, तिथे दशांश चिन्हानंतर तीन आकडे लागतात. कुठल्या चलनाला दशांशानंतर किती आकडे, हे आयएसओ ४२१७ या आंतरराष्ट्रीय मानकात लिहून ठेवलेलं आहे. ते उघडून बघण्याऐवजी आम्ही अंदाज केला होता. तो मुलगा सावध नसता तर त्याच्या महिन्याच्या पगाराचा मोठा भाग माझ्या खात्यात येऊन पडला असता.

तशाच आणखी काही गोष्टी. नुसतं डॉलरचं चिन्ह लिहू नका. अमेरिकेचा, कॅनडाचा, ऑस्ट्रेलियाचा, सिंगापूरचा डॉलर वेगवेगळा आहे आणि चौघांचं चिन्ह तेच आहे. 'कॅनेडियन डॉलर' असं पूर्ण लिहायला जागा लागते, तर लागू द्या. आणि रुपयाचंही तेच. मॉरिशसमधे पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणारी कुटुंबं आहेत, त्यांचं चलनही रुपयाच. तिथल्या एका रुपयाचे आपले पावणेदोन ते दोन रुपये होतात. आपण पानावर नुसतं 'रुपये ४००' लिहिलं, की तिथल्या माणसाला आपला दिवाळी अंक जवळपास दुप्पट महाग वाटतो आणि तो न विचारताच निघून जातो. २०१० साली आपल्या रुपयाला स्वतःचं चिन्ह मिळालं आहे, ते वापरा, आणि शेजारी 'भारतीय' हा शब्दही घाला.

जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब लावतात. आपण लाखाची मांडणी करतो, ते करत नाहीत. ज्याचं चलन, त्याची मांडणी. संगणकाला हे सगळं येतं, फक्त त्याला सांगावं लागतं. आणि पानं तात्पुरती साठवून ठेवणाऱ्या 'कॅशे' यंत्रणेकडे लक्ष द्या. दुबईच्या माणसासाठी तयार झालेलं दिरहमचं पान लंडनच्या माणसाला दाखवलं गेल्याचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

चलन ठरवायचं कशावरून? आत्तापर्यंत सगळ्यांनी एक तर पार्सलच्या पत्त्यावरून ठरवलं किंवा इंटरनेटच्या जोडणीवरून. दोन्ही फसतं. टोरांटोतली मुलगी साताऱ्यात आईवडिलांना फराळ पाठवते. पत्ता साताऱ्याचा आहे, पण पैसे कॅनडातल्या पगाराचे आहेत. नाशिकचा माणूस कामासाठी चार दिवस दुबईत असतो, तिथून घरी पुस्तक मागवतो. जोडणी दुबईची, कार्ड नाशिकच्या बँकेचं. पार्सल कुठे जातंय यावर चलन ठरत नाही, पैसे कुणाच्या खिशातून येतात यावर ठरतं, आणि ते फक्त त्या माणसालाच माहीत असतं. म्हणून संगणकाने एक अंदाज जरूर करावा, पण वर ठळकपणे चलन निवडायची सोय हवी. एकदा निवडलं की ते लक्षात ठेवावं, आणि बास्केट भरल्यावर मधेच बदलू नये.

आता दुकानदारांच्या मनातल्या भीतीकडे येते, कारण ती खरी आहे. "दर वरखाली झाला तर?" किंमत पौंडात ठरवली आणि पौंड पडला, तर तोटा आपला. २४ जून २०१६ ला, ब्रिटनच्या सार्वमताचा निकाल लागला त्या दिवशी, पौंड डॉलरच्या तुलनेत एका दिवसात आठ टक्क्यांच्या आसपास घसरला होता. असे दिवस येतात. पण रोजच्या व्यवहाराकडे बघा. २०२५ च्या सुरुवातीला डॉलर ८६ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबरात त्याने ९० ओलांडले. दहा वर्षांपूर्वी तो ६५ च्या आसपास होता. डॉलरमध्ये किंमत लावून रुपयांत पैसे घेणाऱ्याच्या पदरात या काळात जास्तच पडलं आहे. भीती आपल्याला ज्या दिशेची वाटते, प्रवाह बहुतेक वेळा तिच्या उलट गेला आहे.

मी काय करते ते सांगते. किमतीत तीन-चार टक्क्यांची उशी धरते. वर्षातून तीनदा सगळे भाव तपासते: गुढीपाडव्याला, ऑगस्टमध्ये दिवाळीची यादी लागते तेव्हा, आणि जानेवारीत. मधे एखाद्या चलनात पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला तर त्या चलनापुरते बदलते. आखातासाठी वेगळं डोकं चालवावंच लागत नाही. ओमानचा रियाल १९८६ पासून आणि अमिरातीचा दिरहम १९९७ पासून न बदललेल्या दराने डॉलरला बांधलेला आहे. एका डॉलरला ३.६७२५ दिरहम, हा दर इतकी वर्षं हललेला नाही. सौदी, कतार आणि बहारीन यांचंही तसंच. डॉलरचा भाव एकदा ठरवला की बहुतेक आखात आपोआप ठरतं. फक्त कुवेतचा दिनार अनेक चलनांच्या टोपलीला बांधलेला आहे, त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

आणि आकडा माणसाने ठरवावा, यंत्राने नव्हे. रोजच्या दराने भागून आलेला १०.०३५ रियाल हा भाव कुणाच्या लक्षात राहत नाही आणि दुसऱ्या दिवशी तो १०.०६१ होतो. मी १० रियाल लावते. मस्कतच्या त्या बाई यंदा परत आल्या. "दहा रियाल ना? पाठवा," एवढंच बोलणं झालं.

ही जबाबदारी कुणालाच झेपली नाही तर काय होतं तेही आपण पाहिलं आहे. संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीमने २०२३ च्या नोव्हेंबरात अर्जेंटिना आणि तुर्कस्तानातले पेसो आणि लिरांमधले भाव बंद केले आणि तिथल्या ग्राहकांना डॉलरमध्ये किंमत दाखवायला सुरुवात केली, कारण तिथले विनिमय दर फारच हेलकावे खात होते. अनेक खेळ तिथल्या मुलांच्या आवाक्याबाहेर गेले. स्थानिक चलनातली किंमत म्हणजे दुकानाने दिलेला शब्द असतो, आणि शब्द पाळायला पैसे लागतात, हे मला मान्य आहे. आपल्या वाट्याला जी चलनं येतात ती सुदैवाने एवढी वेडीवाकडी नाहीत.

एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. काही जण परदेशी चलनात किंमत दाखवायची सोय हाताशी येताच भाव गुपचूप कित्येक पटींनी वाढवतात. "डॉलरमध्ये कमावतात, देतील." मला हे मनापासून लागतं. पुस्तकाच्या आतल्या पानावर 'मूल्य : ३५० रुपये' असं छापलेलं असतं. न्यू जर्सीत खोकं उघडल्यावर पहिल्यांदा तेच दिसतं. भाची १४ डॉलर मोजते, नाशिकची आत्या तेच पुस्तक ३५० ला घेते, आणि रविवारी दोघी फोनवर बोलतात. परदेशाचा भाव वेगळा असूच नये असं मी म्हणत नाही. आपल्या मासिकांत वर्गणीचे दर छापायची जुनी रीत आहे: देशात इतकी, परदेशात विमान टपालाने इतकी. फरक उघड लिहिलेला असतो आणि त्याचं कारण त्याच ओळीत असतं. तसंच करा. पुस्तक इतके डॉलर, टपाल इतके डॉलर, एकूण इतके. मी पुस्तकाच्या छापील किमतीत फक्त गेटवेची फी आणि ती उशी धरते, बाकी सगळं टपालाच्या खात्यात दाखवते. फराळाच्या बाबतीत तर उलटं होऊ शकतं: पाकिटावरच्या कमाल किमतीत इथला जीएसटी धरलेला असतो, आणि निर्यातीवर तो भरावा लागत नाही. तेवढी किंमत ग्राहकासाठी उतरवली पाहिजे.

टपाल आणि कर शेवटच्या पायरीपर्यंत लपवून ठेवायची सवयही सोडू या. भारतातल्या ग्राहकासाठी हे कायद्याने बांधलेलं आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये एकूण किंमत एकाच आकड्यात आणि तिची फोड करून दाखवावी असं म्हटलं आहे. नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी, सुरुवातीला कमी किंमत दाखवून मागाहून वाढवत नेण्याला फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत घातलं. पुण्यातल्या ग्राहकाला जो आदर कायद्याने द्यावा लागतो, तो बर्लिनमधल्या आपल्या माणसाला आपणहून द्यायला काय हरकत आहे?

परदेशातला कर हा या आकड्याचा सगळ्यात नाजूक भाग. २०२१ च्या जानेवारीपासून ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या मालावरचा व्हॅट विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच घ्यायचा असतो. छापील पुस्तकांना तिथे शून्य दर आहे, फराळाच्या काही पदार्थांना नाही. त्याच वर्षी १ जुलैपासून युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या पार्सलांची करमाफी संपवली. अमेरिकेचं तर गेल्या वर्षी आपण सगळ्यांनी भोगलं. २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना आयात शुल्कातून असलेली सूट बंद झाली, त्याआधी चार दिवस आपल्या टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, आणि सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला, वसुबारस दोन दिवसांवर आली तेव्हा. मग जाहीर किमतीच्या ५० टक्के शुल्क इथेच भरून पार्सल पाठवायची सोय झाली. त्या दोन दिवसांत मी सदतीस ग्राहकांना स्वतः फोन केले आणि प्रत्येकाला डॉलरमध्ये अखेरचा आकडा सांगितला. काहींनी ऑर्डर रद्द केली. पण 'आधी सांगितलं नाही' असं एकही जण म्हणाला नाही. ज्या दुकानांनी शुल्काचं नाव न घेता माल पाठवला असेल, त्यांच्या ग्राहकांनी त्यांना काय विचारलं असेल याचा विचार करून पाहा.

परताव्याचं थोडक्यात सांगते. रुपयांत घेतलेले पैसे तीन आठवड्यांनी रुपयांत परत केले, की दर आणि बँकेची फी यांमुळे ग्राहकाच्या हातात कमी पडतात. त्याला वाटतं आपण कापले. ग्राहकाच्या चलनात घेतले असतील तर त्याच चलनात जेवढ्यास तेवढे परत करता येतात. फरक आपण सोसावा. चुकीचं पुस्तक गेलं ते आपल्याकडून.

ज्यांना हे सगळं आज जमणार नाही, त्यांच्याकडे माझं मागणं अगदी लहान आहे. परक्या चलनातला आकडा जर फक्त माहितीसाठी असेल, तर तो रुपयांच्या आकड्यापेक्षा लहान अक्षरात ठेवा आणि खाली स्वच्छ मराठीत लिहा: 'पैसे भारतीय रुपयांत घेतले जातील. तुमची बँक स्वतःचा दर आणि फी लावेल, त्यामुळे रक्कम थोडी वाढू शकते.' या दोन वाक्यांना खर्च काही नाही.

आणि ज्यांना जमेल त्यांनी ऑगस्टच्या आत करावं, म्हणजे दिवाळी अंकांच्या नोंदणीला नवे भाव लागतील. सगळी चलनं एकदम घेऊ नका. आपापल्या गेल्या दोन वर्षांच्या पावत्या काढा, सगळ्यात जास्त पार्सलं जाणारे तीन देश बघा आणि तिथून सुरुवात करा. मी माझा दर ठरवायचा तक्ता, दशांशांची यादी आणि गेटवेला विचारायचे प्रश्न एका कागदावर लिहून ठेवले आहेत. ज्याला हवे असतील त्याने मागावेत, मी पाठवते. माझ्या तक्त्यात चूक दिसली तर तीही कळवा, विशेषतः इस्रायलच्या शेकेल या चलनाच्या बाबतीत. तिथल्या बेने इस्रायली, म्हणजे मूळच्या कोकणातल्या मराठी ज्यू, कुटुंबांकडून यंदा पहिल्यांदाच पुस्तकांची मागणी आली आहे, आणि त्यांना द्यायचा भाव मला अजून पक्का करता आलेला नाही.

आपली,
एक मराठी पुस्तकविक्रेती
पुणे